जाळीमागचं मराठी

डॉक्टर जे बोलले ते मराठीत बोलले. मुद्दाम.

ओहायोतलं एक गाव. जून महिना, शनिवारची दुपार. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांची बेसबॉलची मॅच आणि मी अंपायर. डॉक्टरांचा मुलगा बॅट घेऊन उभा होता. दोन स्ट्राइक, म्हणजे वाया घालवलेले बरोबर चेंडू, झालेल्या; तिसरीला आउट. तिसरा चेंडू गुडघ्याच्या उंचीवर, बाहेरच्या कडेवरून आला. पोरानं तो नुसता बघितला, बॅट हलवली नाही. मी हात वर केला. आउट. पोरगा गुणी होता. "गुड पिच," एवढंच म्हणाला आणि बेंचवर जाऊन बसला. इनिंग संपली.

मग मी होम प्लेट झाडायला वाकलो. होम प्लेट म्हणजे जमिनीत बसवलेला पांढऱ्या रबराचा पाचकोनी तुकडा. चेंडू बरोबर आला की नाही ते त्यावरून ठरतं, म्हणून त्यावरची माती अंपायरनं स्वतः झाडायची. त्यासाठी खिशात एक छोटा ब्रश असतो. आमच्या धंद्यातली रीत अशी की झाडताना लोकांकडे पाठ करायची नाही. तोंड प्रेक्षकांपुढच्या जाळीकडे करूनच वाकायचं. डॉक्टर जाळीला नाक लावून उभे होते. रीत पाळली आणि वाकलो तो नेमका त्यांच्यासमोर.

"झाडायचं तेवढं झाड," डॉक्टर म्हणाले. "निकाल कसले देतोस आम्हाला? शेवटी जात दाखवलीसच."

हळू नाही. चांगलं खणखणीत. आजूबाजूला गोऱ्या आया सोडा पीत बसल्या होत्या. एकीनं तर माझ्याकडे बघून गोड हसून मान हलवली. तिला वाटलं असणार, दोघं देशबंधू सुखदुःखाचं बोलताहेत.

लेरॉय चालत आला. लेरॉय माझा जोडीदार अंपायर. बेसवरचे, म्हणजे धावणाऱ्यांचे, निकाल तो द्यायचा. आमच्या कारखान्यातला जुना मशिनिस्ट, काळा माणूस, साठीला टेकलेला. मी त्याच कारखान्यात सुटे भाग मोजायचो, केसभर फरक दिसला की बाजूला काढायचो. ते बघून त्यानंच मला या खेळात ओढलं. मास्क त्यानंच पहिल्यांदा माझ्या डोक्यावर चढवला.

"व्हॉट डिड ही से?" त्यानं विचारलं.

"नथिंग," मी म्हणालो. "ही सेड गुड लक."

डॉक्टरांचा राग आला होता. पण शरम वाटते ती या उत्तराची. आजही वाटते.

माझा बाप भुसावळच्या स्टेशनावर झाडूवाला होता. फलाट असा झाडायचा की जेवायला बसावं. वर साहेबाच्या, मास्तरच्या, हमालाच्यासुद्धा शिव्या खायचा. आई म्हणायची, शीक, पण कुणाच्या दारात झाडू धरू नकोस. शिकलो. डिप्लोमा केला, विमानात बसलो, सात समुद्र ओलांडले. वाटलं, सुटलो. काय सुटलो! डॉक्टर माझ्या आधीच्याच विमानानं आले होते आणि सगळं सामान बरोबर घेऊन आले होते.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझी जात कुणी विचारली नाही. छे, अमेरिकेत कोण विचारतं? आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग गावात घर नेमकं कुठल्या बाजूला, ते विचारलं. झालं. त्या वर्षापासून खुर्च्या रचायचं आणि खरकटं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. कसं आलं कळलं नाही, पण दरवर्षी आलं. आरतीचं तबक माझ्या हातापर्यंत पोचायच्या आत आरती संपायची. डॉक्टरांच्या घरी स्टीलची, नावं कोरलेली ताटं होती. मला कागदी प्लेट. "धुवायचा त्रास नको," काकू म्हणाल्या. बाकीची वीस ताटं त्या कशा धूत होत्या, देव जाणे. आणि मी मूर्ख, काकूंच्या मसालेभाताचं कौतुक करत, ती कागदी प्लेट मांडीवर सांभाळत बसायचो. आपली माणसं म्हणून.

आपली माणसं म्हणूनच लेरॉयशी खोटं बोललो. जातीचं लचांड परक्यांपुढे कशाला काढा? आपलीच अब्रू जायची. डॉक्टर माझ्या तोंडावर थुंकले आणि मी त्यांचीच अब्रू झाकत बसलो. असला गाढवपणा आमच्याशिवाय जगात कुणी करत नसेल.

डॉक्टरांनी मात्र माझं काही झाकलं नाही. लीगचा नवा स्कोअरबोर्ड त्यांनी दिलेला. त्यांनी पत्र लिहिलं, की हा अंपायर भारतीय कुटुंबांवर डूख धरून आहे. मॅचेस वाटून देणाऱ्या माणसानं मला बोलावलं. भला होता बिचारा. "त्या दिवशी काही झालं होतं का? ते काही बोलले का?" दोनदा विचारलं त्यानं. मी दोनदा म्हणालो, नाही.

आठवड्याला चार मॅचेस मिळायच्या, त्याची एक झाली. मग तीही गेली. त्याच वर्षी कारखान्यानं आमची पाळी बंद केली. थंडीचे सहा महिने तर मैदानावर नुसता बर्फ. प्लेटमागं उभं राहणं ही एकच गोष्ट मला मनापासून आवडायची. मी म्हणेन ती स्ट्राइक. सरपंच म्हणो, डॉक्टर म्हणो, मी म्हणेन तीच. तेवढंच माझं होतं आणि तेच गेलं.

लेरॉय तोवर अॅरिझोनात, चँडलरला, बहिणीकडे राहायला गेला होता. त्याचा फोन आला. इथं जानेवारीतही खेळतात, बाराही महिने मॅचेस आहेत, अंपायर कमी पडतात, निघून ये. मंडळाच्या सेक्रेटरीला मी पत्ता बदलल्याचं कळवलं तर तो हसत सुटला. "अरे यार, बॉल-स्ट्राइक ओरडायला कुणी अॅरिझोनाला मूव्ह होतं का? कॉम्प्युटरचा एखादा कोर्स कर ना!" मागच्या सीटवर मास्क, छातीचं कवच आणि पायाचे गार्ड टाकले आणि जुनी गाडी चार दिवस हाकली. काम शोधायला गेलो, हे खरं. पळालो, हेही खरंच.

काम मिळालं. भरपूर मिळालं. आधी बेसवर, मग चार महिन्यांत प्लेटमागं. शनिवारी दोन, रविवारी दोन. ऊन असं की मास्कची लोखंडी पट्टी गालाला चटका द्यायची.

एकदा मोठ्यांच्या मॅचमध्ये एका गोऱ्या खेळाडूनं लेरॉयला काळ्यांना देतात ती शिवी दिली. लेरॉयनं शांतपणे त्याला मैदानाबाहेर काढलं. नंतर गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून रिपोर्ट लिहायला बसला. कुणाला बाहेर काढलं की अंपायरनं फॉर्म भरायचा असतो. त्यात एक रकाना असतो: नेमके शब्द. लेरॉयनं ती शिवी मोठ्या अक्षरात, पूर्ण लिहिली. मी म्हणालो, पहिलं अक्षर लिहून पुढं टिंबं दे की.

"ही सेड इट होल," लेरॉय म्हणाला. "आय राइट इट होल."

मग टोपण लावत त्यानं विचारलं, "दॅट डॉक्टर. ही नेव्हर सेड गुड लक, डिड ही?"

मी पाणी पीत राहिलो.

पुढच्या जानेवारीतला रविवार. पोरांची मॅच. एका टीमचा असिस्टंट कोच मराठी निघाला. कॉम्प्युटर चिप्सच्या कंपनीत इंजिनिअर, पुण्याचा. मॅचआधी अगदी गळ्यात पडला. "अरे वा, मराठी का! मूळचे कुठले? आडनाव काय?" मी आडनाव सांगितलं. गाव सांगितलं. घर कुठल्या बाजूला तेही, त्यानं विचारायच्या आत, मीच सांगितलं. हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतलं गेलं. ते जाताना मी इतक्या वेळा बघितलंय की स्ट्राइकइतकंच अचूक ओळखतो.

चौथ्या इनिंगला त्याचा मुलगा होम प्लेटवर घसरत आला. कॅचरचा चेंडू धरलेला हात त्याला आधी लागला. मी आउट दिला. धूळ खाली बसली, पोरं जागा बदलायला लागली, आणि मी रीतीप्रमाणे जाळीकडे तोंड करून वाकलो. जाळीपलीकडे त्याची बायको बसली होती. अलीकडे, माझ्यापासून चार पावलांवर, तो. तिला म्हणाला, पण मला ऐकू जाईल असं, हसत:

"इथंही सवलतीवरच आलाय वाटतं. या लोकांना डोक्यावर बसवलं की असंच होणार."

मी प्लेट झाडून पूर्ण केली. चारी बाजूंनी. ब्रश खिशात ठेवला, उभा राहिलो, आणि हात लांब करून त्याला बाहेरचा रस्ता दाखवला.

त्याचा मेन कोच धावत आला. तोवर हा इंग्रजीत ओरडायला लागला होता. तो म्हणे स्वतःच्या बायकोशी स्वतःच्या भाषेत बोलत होता! भाषेवरून बाहेर काढतात का? लोक कुजबुजायला लागले. लेरॉय बेसवरून सावकाश चालत आला. त्याच चालीनं. माझ्यासमोर थांबला.

"व्हॉट डिड ही से?"

आणि मग मी सांगितलं. इंग्रजीत, मोठ्यानं, जाळीमागच्या सगळ्या आयांना ऐकू जाईल असं. प्रत्येक शब्द. 'सवलत' म्हणजे काय ते सांगितलं. 'हे लोक' म्हणजे कोण ते सांगितलं. आमच्या गावात विहीर कुणाची होती आणि पाणी आम्हाला वरून कोण ओतायचं तेही सांगितलं.

त्याचा मुलगा गुडघ्यावरची माती न झटकता उभा होता. "डॅड, डिड यू से दॅट?"

"इट डझन्ट ट्रान्सलेट," बाप म्हणाला.

झालं की ट्रान्सलेट. व्यवस्थित झालं. म्हणून तर घाम फुटला होता त्याला. बायको खाली गवताकडे बघत होती. जाळीमागं बसून पिढ्यान्‌पिढ्या फेकलेली भाषा एकदा समोरच्यांना कळली, तर यांच्याकडे उरतं काय? स्टीलची ताटं. तो पिशवी उचलून पार्किंगकडे गेला. जाताना मराठीत काहीच बोलला नाही.

मॅच मी पूर्ण केली.

मग लेरॉयच्या गाडीच्या बॉनेटवर फॉर्म भरला. नेमके शब्द: आधी देवनागरीत, खाली इंग्रजीत. सही केली. आणि लेरॉयकडे आणखी एक कोरा फॉर्म मागितला. त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही.

ठिकाण: ओहायो. महिना: जून. जाळीमागून बोलणारा: डॉक्टर, नाव आणि दवाखान्याच्या पत्त्यासह. नेमके शब्द: झाडायचं तेवढं झाड, इथपासून शेवटपर्यंत. एक टिंब नाही. शेवटचा रकाना होता, अंपायरनं काय केलं. त्यात लिहिलं: काही नाही. जोडीदाराशी खोटं बोलला.

एक प्रत त्या लीगला पाठवली. एक डॉक्टरांना. एक मंडळाला, गणपतीच्या वर्गणीच्या यादीशेजारी लावावी म्हणून. पाकिटावर माझं आडनाव मोठ्या अक्षरात घातलं, म्हणजे गाव विचारायचे कष्ट पडू नयेत. उत्तर आलं नाही. उत्तरासाठी पाठवलंच नव्हतं.

रविवारी दोन मॅचेस आहेत, दोन्हींना प्लेटमागं मी. तोंड जाळीकडेच करून वाकणार. ज्याला बोलायचं त्यानं बोलावं, त्याला वाटेल त्या भाषेत. पूर्ण ऐकीन, पूर्ण लिहीन. आणि तो शेवटचा रकाना माझ्या हातून पुन्हा तसा भरला जाणार नाही.