सात कुसळं

कारखान्यातला कचरा आणि कारखान्यातले किस्से सारखेच. संध्याकाळी झाडून काढावेत, तर सकाळी परत ढीग. आमचा कारखाना छोटा, जळकोटच्या अलीकडं, हायवेला लागून. नायलॉनचे आणि तसल्याच टणक प्लास्टिकचे बुश, चाकं, वॉल्व्हचे भाग आम्ही लेथवर कापून देतो. कापलं की कडेला केसाएवढा धागा उरतो. इंजिनिअर लोक त्याला बर म्हणतात, आमच्या बायका कुसळ म्हणतात. पाच बायका एका लांब टेबलाशी बसून ब्लेडनं ती कुसळं काढतात आणि मी, रेखा, ते पीस तपासते. काळजी करणं हा माझा हुद्दाही आहे आणि स्वभावही. नवरा म्हणतो, हिला भाकरी टम्म फुगली तरी शंका येते.

*

डिप्लोमा करून आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी भिंग लावून एक बुश पास केला. टेबलावरच्या सगळ्यात जुन्या म्हणजे अणदूरच्या कमलमावशी. त्यांनी तो उचलला आणि पदराच्या टोकावरून हळूच ओढला. पदराचा धागा निघाला.

"भिंगाला दिसत न्हाय, पदराला दिसतंय," एवढंच त्या बोलल्या. नायलॉनचं कुसळ तुटत नाही, वाकून लपून बसतं, हे मला पुस्तकात कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून शेवटची तपासणी पदरावरच होते. एकदा ऑडिटला आलेल्या साहेबांनी तपासणीच्या सगळ्या साधनांची यादी मागितली. मी घाबरून खरं तेच लिहून दिलं: भिंग एक, कॅलिपर दोन, पदर पाच. त्यांनी यादी वाचली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, या पदरांचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकपणाची तपासणी, शेवटचं कधी झालं?

टेबलावरच्या पाच जणींतली शबाना म्हणाली, "सोमवारी धुतलाय की."

*

मग साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, कुसळ काढायचं मशीन आणलं. मोठा गोल टब, त्यात खडे. पीस टाकले की टब थरथरत राहतो आणि खड्यांना घासून कुसळ निघतं. पूजेला वयाचा मान म्हणून हळदकुंकू मावशींनीच वाहिलं. मशीनसोबत पुण्याहून आलेला इंजिनिअर खोबऱ्याचा तुकडा चघळत कौतुकानं म्हणाला, "हे एकटं पाच बायकांचं काम करतं!"

टबाभोवती नेमक्या पाचच बायका उभ्या होत्या. हातातला प्रसाद कुणी तोंडात घातला नाही.

साहेबांनी त्याच दिवशी सांगून टाकलं. मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस येऊन मशीनचे शंभर पीस तपासणार. दोनापर्यंत कुसळं चालतील. पास झालं तर टेबल बंद. मावशींच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि घरात कमावत्या त्या एकट्याच. मला तेव्हापासून घास गोड लागेना.

*

मशीनच्या पहिल्या खेपेला खडे बुशच्या भोकांत जाऊन बसले. एका भोकात एक, मापानं घडवून आणल्यासारखा. इंजिनिअरचा चेहरा पडला. मग पाचही जणी मांडी घालून बसल्या आणि तांदूळ निवडावेत तसे दुपारभर खडे काढत राहिल्या.

शबानाला राहवेना. "पाच जणींचं काम करतंय म्हणं ह्ये. आता पाच जणी त्याचं करायल्या."

*

दुसऱ्या खेपेला खडे बदलले, तर लाईट गेली. परत आली तेव्हा टाइमर शून्यापासून मोजू लागला. पुन्हा गेली, पुन्हा आली, पुन्हा शून्य. संध्याकाळी दातेरी चाकं बाहेर काढली तर दात झिजून पार गुळगुळीत, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी. पण कुसळ एकही नव्हतं! इंजिनिअर तेवढंच सगळ्यांना सांगत फिरत होता.

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला हसू आलं नाही, कारण साहेब तेव्हाच फोनवर जनरेटर मागवत होते.

*

मशीन नापास व्हावं म्हणून मावशींनी अणदूरच्या खंडोबाला नवस बोलला. शबानाच्या सासूनं दर्ग्यात चादर कबूल केली. तपासणारीनं बाजू घेऊ नये, म्हणून मी फक्त मनातल्या मनात हात जोडले.

रविवारी मावशी देवळात गेल्या, तर रांगेत पुढं साहेब, सहकुटुंब. मशीन पास व्हावं म्हणून आले होते. सोमवारी मावशी खिन्नपणे सांगत होत्या, "देवाची लई पंचाईत झाली बघ. म्या नारळ वाढवला, त्येंनी बी वाढवला."

*

परीक्षेच्या दिवशी सकाळी मशीनचे शंभर पीस निळ्या ट्रेत आले. मी कुणाला न सांगता जुन्या साडीच्या फडक्यावरून एकेक ओढून पाहिला. सात पीस धागा धरत होते. रजिस्टरात सात लिहिले, वेळ टाकली. सात म्हणजे नापास! इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. गिऱ्हाइकाचा माणूस स्वतः मोजणार म्हणून पीस होते तसे ट्रेत ठेवले आणि ट्रे बायकांच्या टेबलावर. तो कुठला आहे, हे सांगायचं त्या आनंदात राहूनच गेलं.

तो माणूस दोन तास उशिरा आला. ट्रे केबिनमध्ये नेऊन त्यानं स्वतःच्या मायक्रोस्कोपखाली सगळे पीस पाहिले. शंभरात शून्य. साहेबांनी पेढे मागवले. इंजिनिअरनं मशीनला नमस्कार केला. माझ्या हातात कागद आला, तपासणाऱ्याची सही इथं.

सात कुसळं गेली कुठं? कागद घेऊन मी टेबलाशी आले. मावशींच्या मांडीवर पांढरा भुगा होता. मी हळूच विचारलं, सकाळी इथल्या निळ्या ट्रेला हात लावला होता का.

"व्हय की. त्यो मानूस येईना, बसून काय करावं? हाताला कुसळ लागलं. तसंच ठिवू वाटंना."

"मावशी, तो मशीनचा ट्रे होता."

शबानाच्या हातातलं ब्लेड थांबलं. केबिनमधून साहेबांनी सहीसाठी हाक मारली. मी रजिस्टर उघडलं, सकाळचं सातचं पान वर काढलं, सहीचा कागद त्याच्याखाली घातला आणि ते साहेबांना दाखवायला निघाले.

"रेखा," मावशींनी मागून विचारलं, "पर पास झाले का समदे?"

"झाले, मावशी. शंभरच्या शंभर."

"व्हनारच की," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करून त्यांनी पुढचा पीस उचलला.