हत्तिणीने आईला आशीर्वाद दिला नाही

मंडळी, आत्ताच आईला घेऊन बेंगळुरूजवळच्या हत्तींच्या आश्रयस्थानातून घरी आले.

साठच्या दशकात, आईच्या लहानपणी, बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये त्यांच्या दारावर देवळाचा हत्ती यायचा. पुढे डोकं वाकवलं, की सोंड ठेवून आशीर्वाद द्यायचा. सवय कुठली जायला! आज देवळातून सोडवून आणलेली म्हातारी हत्तीण कुंपणाशी आली आणि आईने लगेच डोकं वाकवलं.

"अम्मा, नको!" माहूत ओरडला. "इथे आणल्यावरही कुणी वाकलं, की हिची सोंड आपोआप उठायची. आत्ता कुठे विसरतेय."

आई वाकलेलीच.

हत्तिणीने आईकडे पाहिलं, सोंडेने माती उचलून स्वतःच्याच पाठीवर उडवली आणि डुलत निघून गेली.

आईने डोळे पुसले. "सुटली गं बाई!"

आशीर्वाद न मिळाल्याचा इतका आनंद तुम्हाला कधी झालाय?