मित्रोविकात शांतता

बायकांना रात्रपाळी द्यायची नाही, असा आमच्या दैनिकाचा अलिखित नियम होता. दुपारी येणाऱ्या बाईला काय काम द्यावं हे कोणालाच सुचेना, म्हणून मला परदेशाचं पान मिळालं. जोडीला डाक आवृत्ती. डाक आवृत्ती म्हणजे संध्याकाळी लवकर छापून, स्वारगेटहून एसटीच्या टपावर चढून गावोगाव जाणारा अंक. शहराचा अंक रात्री निघायचा, तोवर माझा घरी कुकर झालेला असायचा.

त्या वर्षांत बाल्कन पेटलं होतं. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्या रोज वावभर यायच्या आणि त्यात एक शब्दसमूह पिच्छा सोडायचा नाही: एथ्निक अल्बेनियन मिलिटंट्स. मी शब्दकोश उघडून इमानदारीत लिहिलं, 'वांशिक अल्बेनियन अतिरेकी'. तिसऱ्या दिवशी कसबा पेठेतून पोस्टकार्ड आलं. पाठवणारे भूगोलाचे निवृत्त मास्तर. अक्षर असं की फळ्यावरून उचलून कार्डावर ठेवलं आहे. 'अल्बेनियन लोक वांशिक असतात हे आजच समजले. बिगरवांशिक अल्बेनियन कोठे मिळतात, तेही छापावे. आपला, एक वर्गणीदार.'

मी मुकाट्यानं 'अल्बेनियन वंशाचे' असं लिहू लागले. राहिला शेवटचा शब्द. ही माणसं अतिरेकी, बंडखोर की दहशतवादी, यावर जगात मोठमोठ्या लोकांची भांडणं चालली होती. आमच्याकडे तो प्रश्न मुख्य उपसंपादक पट्टी घेऊन सोडवत. एका कॉलमाच्या मथळ्यात 'दहशतवादी' बसत नाही, 'बंडखोर' बसतं. त्यामुळे तीच माणसं बातमी लहान असली की बंडखोर असत आणि तीन कॉलमी झाली की दहशतवादी होत. एकदा जाहिरात ऐन वेळी रद्द झाली, तर त्यांना 'सशस्त्र फुटीरतावादी' अशी बढतीसुद्धा मिळाली. जळणारी घरं कधी सर्बांची असत, कधी अल्बेनियनांची. नक्की कोणाची, हे वृत्तसंस्था शेवटच्या परिच्छेदात सांगायची, आणि शेवटचा परिच्छेद आम्ही जागेअभावी कापायचो. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही, हेही सांगून टाकते. पान वेळेवर सुटलं की मी खूश असे.

कोसोवोतल्या एका गावाचं नाव सारखं येई. मधून नदी, नदीवर पूल, पुलाच्या अलीकडे अल्बेनियन, पलीकडे सर्ब, आणि पुलावर दोघांच्या शिव्या खाणारे आंतरराष्ट्रीय शांतता पोलीस. इंग्रजी अक्षरं बघून मी दोन महिने 'मित्रोविका' लिहिलं. मग आलं कार्ड. 'त्या प्रांती सी या अक्षराचा उच्चार त्स होतो. गावाचे नाव मित्रोवित्सा. आपण मात्र बहुधा आपल्याच प्रांतात राहता.' मला झोंबलं. मी ग्रंथालयात जाऊन खात्री केली. मास्तर बरोबर होते, आणि त्याचा राग वेगळाच. दुसऱ्या दिवसापासून मी 'मित्रोवित्सा' लिहायला घेतलं आणि आपण मराठी भाषेवर काहीतरी उपकार केले आहेत अशा थाटात चहा प्याले.

आठवड्याभरात एक शेतकरी गृहस्थ ऑफिसात आले. डोक्याला टोपी, काखेत पिशवी, पिशवीत मेथीच्या चार जुड्या. म्हणाले, "परदेशाचं पान करनाऱ्या बाई कोन?"

मी उभी राहिले. मेथी टेबलावर आली.

"लोणी काळभोरास्न आलोय. माजा पोरगा पोलिसात फौजदार हाय. सरकारनं त्याला तिकडं शांततेसाठी धाडलाय, वर्सासाठी. मित्रोविकाला." मग आवाज उतरवून म्हणाले, "बाई, एक इचारू? मित्रोविका आन मित्रोवित्सा, एकच का हो?"

पुण्यात वाढलेल्या बाईला कोणी असा प्रश्न विचारला की ती उत्तर देते. त्या उत्तराचं समोरच्याचं काय होणार हे नंतर बघते. मी सांगितलं, एकच. सी या अक्षराचा उच्चारही समजावला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मलाबी तसंच वाटलं," ते म्हणाले. "पर घरात म्हाईत न्हाई. चार महिनं झालं, मंडळीच्या पोटात अन्न न्हाई. पेपर आला की पयलं तुमचं पान. परवा मी सहज बोललो, हे बग, आता दंगा मित्रोवित्साला चाललाय, आपल्या पोराचं गाव गपगार हाय. तर रात्री दोन भाकरी खाल्ल्या तिनं. दोन!" त्यांनी बोटं दाखवली. "तेवडं वायलं ठिवता येईल का, बाई? मारामारी झाली तर वित्सा. काय चांगलं झालं तर विका."

मी शुद्धलेखनावर लोकांशी बोलणं सोडलेली बाई. सख्ख्या जावेशी माझा अबोला ऱ्हस्व-दीर्घावरून आहे. मी म्हणाले, "काका, असं वर्तमानपत्रात करता येत नाही." ते "बरं" म्हणाले, मेथी तिथेच ठेवली आणि निघाले. जिन्यात त्यांची चप्पल वाजत होती तोवर मी मेथी शब्दकोशावरून बाजूला केली. मग धावत जाऊन म्हणाले, "बघते."

असं मी एक गाव वसवलं. मित्रोवित्सात दगडफेक व्हायची, हातबॉम्ब पडायचे, संचारबंदी लागायची. मित्रोविकात शाळा उघडायच्या. त्यासाठी मला बातमीचा तो कापायचा शेवटचा परिच्छेद वाचावा लागे, कारण असलंच काही चांगलं तर ते तिथे असे. बेकरी पुन्हा सुरू झाली, पुलाखाली मुलं मासे धरताना दिसली, एका म्हातारीनं पलीकडच्या शेजारणीला निरोप धाडला. खोटं मी काही लिहिलं नाही. फक्त पत्ता बदलला. ही चार ओळींची चौकट मी 'मित्रोविकात शांतता' अशा मथळ्याखाली फक्त डाक आवृत्तीत लावायची. मुख्य उपसंपादक डाक आवृत्ती वाचत नसत. ती कोणीच वाचत नाही अशी त्यांची समजूत होती.

काका पंधरवड्यानं एकदा यायचे. भाकऱ्यांचा आकडा सांगायचे, भाजी ठेवायचे. आमच्या घरी मेथी इतकी झाली की नवऱ्यानं विचारलं, "तुझा पगार आता असा देतात का?"

पण मास्तर होते ना. मास्तरांची बहीण लोणी काळभोरला दिलेली, आणि ती भावाला भाजी धाडायची डाक आवृत्तीत गुंडाळून. मास्तरांच्या घरात रद्दीसुद्धा वाचल्याशिवाय जात नसे. कार्ड आलं, या वेळी थेट संपादकांना. 'आपल्या दैनिकानुसार एकाच दिवशी मित्रोवित्सात संचारबंदी असून मित्रोविकात मासेमारी चालू आहे. नकाशात मला एकच गाव सापडते. दुसरे आपण कोठे वसवले आहे ते कळवावे, निवृत्त माणसास राहण्यास बरे दिसते.'

संपादकांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी 'अनवधानाने' हा शब्द तीनदा वापरला. मग हुकूम निघाला: एक गाव, एक नाव. कोणतं ते मुख्य उपसंपादकांनी ठरवायचं. त्यांनी पट्टी काढली. 'मित्रोविका'. जोडाक्षर एक कमी, एका कॉलमात बसतं.

हा कागद मंगळवारी फिरला. मंगळवारी माझी सुटी.

बुधवारी सकाळी मी अंक उघडला आणि हातातला कप खाली ठेवला. तीन कॉलमी. 'मित्रोविकात पोलिसांवर हातबॉम्ब. अल्बेनियन दहशतवाद्यांचा हल्ला'. खाली, दोन परदेशी पोलीस जखमी, एक गंभीर. नावं नाहीत, देश नाहीत. मी ऑफिसात फोन करून शेवटचा परिच्छेद विचारला. उत्तर आलं, "अहो, तो कापला. जागा नव्हती. कॉपी आता रद्दीत असेल."

मी साडीची पिन न लावताच स्वारगेट गाठलं. लोणीच्या बसमध्ये बसून काय करणार होते, मला माहीत नव्हतं. बहुतेक, माऊलीच्या हातून अंक काढून घ्यायचा, एवढाच बेत होता. बसमध्ये चौघेजण तोच अंक वाचत होते. त्या सगळ्यांचा मला राग आला, आणि वाचक वाढल्यावर असा राग येणारी मी त्या दैनिकातली पहिलीच असेन.

घर सापडायला वेळ लागला नाही. पायरीवर एक बाई मेथी निवडत बसल्या होत्या. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं, परदेशाचं पान. मी कोण ते सांगितलं.

"या की," त्या म्हणाल्या. "बसा. च्या ठिवते."

"मावशी, ती बातमी... आमच्याकडून जरा नावाची गडबड..."

"व्हय का," त्या म्हणाल्या आणि निवडत राहिल्या. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. पानं त्या कचऱ्यात टाकत होत्या आणि काड्या टोपलीत.

काका गोठ्याकडून आले. मला बघून थबकले, मग मोठ्यानं बोलले, "आल्या का बाई! बघ, मी सांगितलं न्हवतं? छपाईची चूक हाय ती. ते वित्सा हाय, आपलं न्हवं. बाई, चूकच हाय ना?"

त्यांचे डोळे लाल होते. मी म्हणाले, "हो काका. आमच्याकडे चुका फार होतात." त्या सकाळी मी बोललेलं तेवढं एकच वाक्य पूर्ण खरं होतं.

तेवढ्यात रस्त्यावरून किराणा दुकानदाराची हाक आली. फोन! परदेशाचा! काका एका चपलेनिशी पळाले, मावशी हातात मेथीची काडी घेऊन, आणि मागून बिनपिनेच्या साडीत मी. दुकानात काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"हालो! तू हायस का?" मग बराच वेळ नुसतं "हां... हां..." त्यांचे खांदे हलायला लागले. मुलगा धडधाकट होता. हातबॉम्ब पडला तेव्हा तो बरॅकीत कपडे धूत होता. जखमी झाले ते त्याच्याच तुकडीतले, त्याच्या शेजारच्या खाटांवरचे. मग काकांनी एकदम रिसीव्हरवर तळहात ठेवला, तोंड भिंतीकडे केलं आणि पुटपुटले, "मित्रोवित्सा म्हनू नगंस, आई ऐकतीय."

"म्हनू द्या त्याला," मावशी म्हणाल्या. "मला दोनी नावं ठावं हायेत."

काका वळले.

"पयल्याच पत्रात लिवलं हुतं त्यानं. हितं मित्रोवित्सा म्हनत्यात, अल्बेनियन लोक आनी तिसरंच म्हनत्यात, चुकीच्या मान्सापुढं चुकीचं नाव घेतलं तर डोस्कं फुटतं. त्याचं अक्षर तुमाला कुटं लागतंय. मी तेवडं गाळून वाचलं."

"मग... भाकरी?" काका म्हणाले.

"तुमी माज्याकडं बगत बसायचा. मी दोन खाल्ल्याबिगर तुमी एक खात न्हवता."

त्यांनी रिसीव्हर घेतला, काडी कानामागे खोचली आणि विचारलं, "जेवलास का?" दुकानदार साबणाच्या वड्या उगाच नीट लावत होता. मी गोळ्यांच्या बरणीकडे तोंड करून रडले. सहा महिने मी एका बाईला फसवते आहे असं मला वाटत होतं, आणि ती बाई रोज चौकटीतलं ते गाव वाचून माझ्यासाठीसुद्धा एक घास जास्त खात होती.

बसपर्यंत त्या सोडायला आल्या. म्हणाल्या, "आता खरं लिवा बाई. पर ती शेवटची, मासं धरनाऱ्या पोरांची, ती बी लिवत जा. ती खरीच असती न्हवं?"

"खरीच असते," मी म्हणाले.

ऑफिसात जाऊन मी मुख्य उपसंपादकांशी अर्धा तास भांडले आणि जिंकले. दोन्ही आवृत्त्यांत 'मित्रोवित्सा', आणि शेवटचा परिच्छेद कापायचा नाही. त्या दिवशी शेवटचा परिच्छेद असा होता की जखमींपैकी गंभीर होता तो सकाळी वारला. तो कोणत्या देशाचा, त्याच्या घरी पेपर कोण वाचतं, ते त्यात नव्हतं. मी तो पूर्ण लावला.

चौथ्या दिवशी कसबा पेठेतून कार्ड आलं. 'अखेर आपणास एक गाव सापडले. अभिनंदन. दुसरे मोडले याचे मात्र वाईट वाटले. बहीण म्हणते, तिच्या शेजारणीचा मुलगा तेथे आहे.'