दगड मुरेपर्यंत

सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, तेव्हा धाकट्या सुनेनं आपलं शिवणयंत्र उचलून सरळ त्यांच्या खोलीत मांडलं. कपडे उसवून मापात बसवून द्यायचं तिचं काम घरूनच चालायचं. तेवढीच त्यांना सोबत. सासरे जन्मभर गोदीत जहाजांचे तळ खरवडत आलेले. आता उजवा हात आणि जीभ, दोन्ही रुसलेली. खिडकीतून दिसायची ती फक्त समोरच्या इमारतीची भिंत.

थोरल्या दिरांनी मग खाऱ्या पाण्याचा फिशटँक आणून दिला. मासे पाहून सासऱ्यांचा चेहरा उजळला, पण फिल्टरच्या घरघरीनं त्यांच्या डोळ्याला डोळा लागेना. डाव्या हातानं बटण दाखवून ते म्हणायचे, "बंद."

एवढा एकच शब्द, पण तो तिच्या जिवाला लागला. ती मासे घेऊन फिशटँकच्या दुकानात गेली. "काही दिवस सांभाळा यांना. आणि घरघरीशिवाय पाणी साफ ठेवायचा मार्ग सांगा."

"समुद्रात कोण फिल्टर लावतं, ताई?" दुकानदार हसला. "समुद्रातले सच्छिद्र दगड घ्या. त्यांच्या भोकांत सूक्ष्म जीव राहतात, ते माशांची घाण पचवतात. उरलंसुरलं समुद्री शेवाळ खातं. पाणी खेळतं ठेवायला एक बिनआवाजी पंप पुरे. पण दगड मुरू द्यावे लागतात, म्हणजे त्यांतले जीव आधी पुरेसे वाढू द्यायचे, मगच मासे सोडायचे. घाई केलीत की संपलं."

दगड आले आणि घरभर कुबट वास सुटला. जाऊबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "मासे पाळतेयस की सडवतेयस?" सासऱ्यांची नजर मात्र रिकाम्या पाण्यावरून हलत नव्हती. तिला ते बघवेना. पाणी तपासायच्या औषधाचे थेंब रंग बदलून अजून धोका दाखवत होते, तरी तिनं दोन मासे आणून सोडले. दोन्ही दगावले. त्या दिवशी तिनं शिवणाला हात लावला नाही.

पण पदर खोचून ती पुन्हा लागली. आता मात्र उतावीळपणा नाही. काचांवर तपकिरी थर चढला, तेव्हा तिनं तो खाणाऱ्या गोगलगाई आणल्या, जोडीला एक कोळंबी. मागे एक छोटी टाकी जोडून तिच्यात शेवाळ लावलं आणि वर दिवा टांगला. ते फार माजलं की मूठभर उपटून टाकायची. पाण्यातली घाणही त्याबरोबर बाहेर जायची. हळूहळू वास गेला, थेंबांचा रंग निवळला. मगच मासे परत आले. खोलीत आवाज उरला तो शिवणयंत्राचा, आणि त्याच्या तालावर सासरे दुपारी घोरायला लागले.

एकदा सकाळी वीज गेली ती येईचना. पंप थांबला. दुपारपर्यंत मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासू लागले. तिनं प्लास्टिकचा मग घेतला आणि पाणी उपसून वरून धार धरली, म्हणजे हवा मिसळेल. पुन्हा उपसायचं, पुन्हा ओतायचं. दंड भरून आले. मागून आवाज आला, "दे."

तिनं खुर्ची टाकीपाशी सरकवली. सासऱ्यांनी डाव्या हातानं मग बुडवला. अर्धं पाणी टाकीत, अर्धं तिच्या साडीवर. संध्याकाळी वीज परत येईपर्यंत दोघं आळीपाळीनं ओतत राहिली. मासे तगले. कोळंबी तेवढी पुन्हा कुणाला दिसली नाही.

तेव्हापासून तो मग सासऱ्यांच्याच ताब्यात. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज थोडं गोडं पाणी घालावं लागतं. ते काम ते कुणाला करू देत नाहीत. दुकानदार आता नव्या हौशी लोकांना तिच्याकडे पाठवतो. ती सगळं दाखवते, आणि आपल्या घाईनं गेलेल्या दोन माशांबद्दल आधी सांगते.

परवा जाऊबाईंनी कौतुकानं गोड्या पाण्याचा तांब्या उचलून भसकन टाकीत रिकामा करायला घेतला.

"हळू," सासरे म्हणाले. "वाळू उडेल."

सुनेनं शिवणयंत्राचं चाक हातानं थांबवलं. आजारानंतर त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच एवढं सलग बोलणं निघालं होतं.