खेमराजच्या भिंतीवरची लेबलं

खेमराज बनसोड गोंदियाच्या पार्सल ऑफिसात बत्तीस वर्षं होता. बिडीच्या कट्ट्यांची, म्हणजे बंडलांची, पोती तिथून गाडीत चढायची. एखादं पोतं फाटलं की हा वाकायचा. बिडी त्यानं आयुष्यात ओढली नाही. त्याला हवं असायचं ते कट्ट्यावरचं लेबल. पंखा, घड्याळ, वाघ, विमान, मुकुट घातलेला घोडा. गुलाबी, हिरवं, आणि जुन्यातलं सोनेरी शाईचं.

मी जुनी नाणी जमवतो. त्यामुळे आमची ओळख झाली आणि दर रविवारी मी त्याच्याकडे जाऊ लागलो. लेबल काढायची त्याची पद्धत बघण्यासारखी होती. चहाच्या किटलीच्या वाफेवर कट्टा धरायचा, गोंद सैल झाला की चिमट्यानं कागद सोडवायचा, टिपकागदांत घालून वर पाट आणि पाटावर दोन विटा. तीन दिवसांनी अल्बममध्ये. गोंद लावायचा नाही. काळ्या कागदाचे चार कोपरे करून त्यांत लेबल अडकवायचं आणि मध्ये बटरपेपर. अल्बम लोखंडी पेटीत, पेटी विटांवर, आत कडुनिंबाचा पाला कापडात बांधून. दिवाळीच्या सुमारास एकदा वारा द्यायचा, पण ऊन लागू द्यायचं नाही. चारशे बारा लेबलं होती. एकदा मी एका लेबलावर बोट ठेवलं तर त्यानं मला उठवून मोरीवर हात धुवायला पाठवलं.

त्याची बायको अल्का अकराव्या वर्षापासून बिड्या वळायची. लग्नानंतरही वळत होती. सुपात तेंदूपत्ता घेऊन ती दारात बसायची आणि आम्ही आत तिच्याच धंद्याचे कागद बघायचो. एका रविवारी चहा ठेवताना ती वाकून म्हणाली, "हा पंखा छाप ना? याच्या कारखान्यात मी सात वर्सं माल देल्ली. चेकर लय हरामी होता, अर्ध्या बिड्या फेकून दे."

मला पुढचं ऐकायचं होतं. खेमराज म्हणाला, "ओले हात घेऊन वाकू नको."

ती मागे सरली. त्या पंख्याखाली खेमराजनं फक्त साल आणि रंग लिहिला होता.

खेमराज निवृत्त झाला त्या वर्षीचा सप्टेंबर. त्याच्या थोरल्या भावाचं नागपूरला ऑपरेशन होतं, तो नऊ दिवस तिकडे राहिला. इकडे पाऊस थांबेना. पेटीमागच्या भिंतीला ओल आली. अल्कानं पेटी उघडली तर दोन अल्बमच्या पानांना कसर लागलेली. खेमराज दवाखान्यात, त्याला कशाला त्रास, म्हणून तिनं मला फोन केला.

"भूपेंद्रभाऊ, कागद खाऊन राहिली कसर. काय करू?"

मी बिरसीला मेहुण्याकडे जेवायला बसलो होतो. म्हणालो, "प्लास्टिकमध्ये घालून घ्या सगळे. काही होत नाही." आणि फोन ठेवला. मला म्हणायचं होतं, सुट्या पिशव्यांत ठेवा. तेवढं सांगायला दोन वाक्यं लागली असती.

ती दुसऱ्या दिवशी सगळे अल्बम पिशवीत घालून बाजारातल्या लॅमिनेशनच्या दुकानात गेली. दुकानदारानं विचारलं, "सब करना है क्या?" ती हो म्हणाली. त्यानं एकेका पानावर चौतीस-पस्तीस लेबलं बसवली. बसत नव्हती त्यांच्या कडा कात्रीनं कापल्या. मशीनच्या उष्णतेनं सोनेरी शाई काळी पडली, जुने कागद फुगले, त्यांत बुडबुडे आले. बारा पानं झाली. प्लास्टिक आता निघणार नव्हतं. अल्कानं ती बारा पानं ओढणीत गुंडाळून घरी आणली आणि खेमराज परत येईपर्यंत पलंगाखाली जपून ठेवली. त्याला आनंद होईल असं तिला वाटत होतं. हे मला नंतर त्यांच्या मुलीनं, रश्मीनं सांगितलं.

खेमराज ओरडला नाही. त्यानं बारा पानं खाटेवर मांडली, एकेक उचलून उजेडात धरलं आणि परत ठेवलं. मग म्हणाला, "कोणाले विचारलं?"

"कोणाले नाही," अल्का म्हणाली.

रविवार होता, मी तिथेच होतो. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी खाली मान घालून बशीतला चिवडा खात राहिलो.

खेमराजनं सुताराकडून बारा चौकटी करून घेतल्या, काचेच्या, सागवानी. त्या समोरच्या खोलीत ओळीनं लावल्या, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. संग्रहालयात असते तशी पाटी त्यानं स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिली. 'बिडी लेबले, ४१२ नग. नष्ट करणारी : आयुष्मती अल्का खेमराज बनसोड.' खाली तारीख.

घरी कोणी आलं की तो हाक मारायचा, "अल्का, ये. सांग या पाहुण्यायले."

ती पदर सारखा करत यायची, दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची. पहिल्या वर्षी रडायची. रडली की तो म्हणायचा, "रडू नको. नीट सांग. कात्री कोणी लावली?" पुढे तिचं पाठ झालं. पेटीला ओल आली, मी दुकानात नेले, कडा कापल्या, यांची जिंदगीभराची मेहनत मी जाळली. शाळेतल्या मुलीनं कविता म्हणावी तसं एका सुरात. मीटर बघायला येणाऱ्या माणसासमोरही तिनं ते म्हटलं. पाहुणे कधी हळहळायचे, कधी हसायचे. एकदा, लोक हसले तेव्हा, मीही हसलो.

चौथ्या वर्षी रश्मीला बघायला तिरोड्याचे लोक आले. मुलगा नर्सिंगच्या कॉलेजात शिकवत होता. रश्मीनं बापाला आदल्या दिवशी हात जोडून सांगितलं होतं, उद्या नको. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या बापानं सहज विचारलं, "हे काय लावून ठेवलं?"

"अल्का," खेमराज म्हणाला.

ती आली आणि तिनं सगळं म्हटलं. एक शब्द गाळला नाही. मुलाची आई आपल्या नवऱ्याकडे बघत होती. आठ दिवसांनी निरोप आला की बाईच्या डोक्यात फरक दिसते, मुलीतही उतरला तर काय करावं. रश्मीनं त्या दिवसापासून बापाशी बोलणं सोडलं आणि बालाघाट रोडला खोली घेऊन राहू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात अल्काला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तिला आतल्या खोलीत खाटेवर ठेवलं होतं. मधलं दार उघडंच असायचं. पाहुणा आला की आता खेमराज स्वतःच सांगायचा, आणि सांगताना आवाज चढवायचा, म्हणजे आत ऐकू जाईल.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. एका रविवारी मी म्हणालो, "खेमराज, बस कर. त्या दिवशी वहिनीनं मला फोन केला होता. प्लास्टिकमध्ये घाला असं मीच म्हणालो. चूक माझी आहे."

तो चष्मा पुसत होता. पुसतच राहिला.

"माहीत आहे," तो म्हणाला. "नागपूरवरून आलो त्याच रात्री तिचा मोबाइल पाहिला. तुझा नंबर होता."

"मग मला काऊन नाही बोलला?"

"तुले बोललो असतो तर तू आला असता काय दुसऱ्या रविवारी?" त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. "माझे कागद पाहाले दुसरा कोण येते? अल्का मले सोडून कुठं जाऊन राहिली होती?"

मी उठून मधल्या दारापर्यंत गेलो. अल्का जागी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. तेवढंच तिला वळवता येत होतं.

हे मी रश्मीला फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती ऑटो घेऊन आली. तिनं आणि ऑटोवाल्यानं आईला चादरीत उचललं. खेमराज खुर्चीवर बसून बघत होता. रश्मीनं जाताना पाटी उपटली, दोन तुकडे केले आणि त्याच्या पायाशी टाकले.

सात महिने अल्का मुलीकडे जगली. रश्मीनं सुट्ट्या काढल्या, कूस बदलून दिली, चमच्यानं पेज पाजली. मी दोनदा गेलो; दोन्ही वेळा रश्मीनं दारातूनच परत पाठवलं. अल्का गेली तेव्हा खेमराज स्मशानात आला होता. रश्मीनं त्याला पुढे येऊ दिलं नाही. बुद्धवंदना संपेपर्यंत तो फाटकाजवळ उभा होता, आणि मी त्याच्या बाजूला.

आता तो काड्यापेटीची चित्रं जमवतो. पुन्हा टिपकागद आणला आहे, विटा आणल्या आहेत. नवी पाटी लिहून चौकटींखाली लावली आहे. मजकूर तोच, फक्त ती गेली म्हणून 'आयुष्मती'च्या जागी 'कालकथित' घातलं आहे. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, की जबलपूरहून कोणीतरी मोराचं चित्र पाठवलं आहे, ये.

मी गेलो. मोरीवर हात धुतले आणि बसलो.