बर्फात ठेवलेलं इन्सुलिन

"याला शुगर आहे," पालघरचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ते छोटं मशीन आमच्याकडे वळवलं. ढोम्याच्या कानातून काढलेल्या रक्ताच्या एका थेंबाचा आकडा त्यावर होता. चारशे अडुसष्ट.

आई म्हणाली, "मांजराला?"

"चहाबरोबर बिस्किटं देत असाल," डॉक्टर हसून म्हणाले.

देत होतो. रोज सकाळी दोन. त्याशिवाय भात आणि माशाचं पाणी. हे वाईट आहे हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि डॉक्टरांचं ते हसणं मला आवडलं नाही. पण डॉक्टरांसमोर माझं तोंड उघडत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की मी बोलेन.

ढोम्या आमचा बोका. नऊ वर्षांचा. ढोमी माशासारखं मोठं डोकं, म्हणून आईने हे नाव ठेवलं. आम्ही सातपाटीचे. आई बोंबील वाळवते आणि पालघरच्या बाजारात मासळी विकते. बाबा बोटीवर खलाशी आहेत, एकदा गेले की आठ-दहा दिवस येत नाहीत. मी दिवसभर कॉलेजात. घरात आईचं बोलणं ऐकायला असतो तो ढोम्याच. ती त्याला बाजारभाव सांगते, गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवते. म्हणून तो जाणं म्हणजे आमच्या घरात नेमकं काय जाणं, हे दुसऱ्यांना सांगणं कठीण आहे.

ज्यांच्या मांजराला हा आजार होईल त्यांच्यासाठी लक्षणं लिहिते. ढोम्या बादलीत तोंड घालून पाणी प्यायचा. सारखी लघवी करायचा. भरपूर खाऊनही पाठीचं हाड वर आलं होतं. मागचे पाय तो पंजावर न टेकवता टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायचा. सगळे म्हणाले, म्हातारा झाला. आम्हीही तेच म्हणालो आणि दोन महिने घालवले.

आजाराचं नाव डायबेटिस मेलिटस. म्हणजे माणसांना होतो तोच मधुमेह. शरीरात इन्सुलिन पुरेसं तयार होत नाही किंवा असलेलं काम करत नाही, त्यामुळे साखर रक्तातच फिरत राहते आणि अंगाला उपाशी ठेवते. डॉक्टरांनी ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन लिहून दिलं. हे हळूहळू काम करणारं, माणसांचंच इन्सुलिन असतं. सकाळ-संध्याकाळ एक-एक युनिट. ते कसं टोचायचं हे दाखवलं. मग म्हणाले, "थंड ठेवा, नाहीतर खराब होईल," आणि पुढच्या कुत्र्याला आत बोलावलं.

मेडिकलवाल्याने कागद पाहून विचारलं, "पेशंटचं नाव?"

"ढोम्या."

"आडनाव काय लावू? तांडेल की पाटील?" दुकानातले दोघं-तिघं हसले. हसता हसता त्याने मला चाळीस नंबरची सिरिंज दिली. बाटली शंभर नंबरची होती. कागदावर डॉक्टरांनी शंभर असं लिहिलं होतं म्हणून मी बदलून मागितली. शंभरच्या बाटलीतलं औषध चाळीसच्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट जातं, हे मला नंतर कळलं. तेवढ्याने ढोम्या मेलाही असता, आणि तो माणूस आडनाव विचारत बसला होता. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, एवढं दरवेळी बघा.

पहिले तीन आठवडे चांगले गेले. टोचायला आई माझ्याआधी शिकली. मानेमागची कातडी चिमटीत धरायची आणि म्हणायची, "हलू नको रे, राजा, मी काय तुजं खवलं काढते हाय काय?" आम्हीही तसलंच छोटं मशीन घेतलं होतं, त्यावर शुगर दोनशेच्या आसपास आली. ढोम्या पुन्हा बोंबलांच्या मांडवाखाली जाऊन बसू लागला.

मग गावातला ट्रान्सफॉर्मर गेला. दोन दिवस वीज नव्हती. फ्रिजमधून पाणी गळायला लागलं. मी प्रॅक्टिकलला पालघरला गेले होते. आईने बाटली उचलली आणि सरंग्याच्या, म्हणजे पापलेटच्या, पेटीत फोडलेल्या बर्फात खोल खोचली. वरून नेहमीप्रमाणे खड्या मिठाची मूठ टाकली. मिठाने बर्फ जास्त गार होतो आणि मासळी कडक राहते. आमच्याकडे जी वस्तू टिकवायची असते ती बर्फाच्या पोटात जाते. औषध थंड ठेवायला सांगितलं होतं. आईला माहीत असलेली सगळ्यात चांगली थंडी तिने त्याला दिली.

संध्याकाळी मी जर्नल लिहीत होते. आई बाटली घेऊन आली. "बाय, औषध कडक झालं होतं गं. मी मुठीत धरून पातळ केलं. चालंल ना?"

मी वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "चालेल."

हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला आहे.

दुसऱ्या दिवसापासून ढोम्या पुन्हा पाणी प्यायला लागला. तिसऱ्या दिवशी शुगर चारशेच्या वर. मी पालघरच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "भात बंद केलाय का नक्की? बिस्किट देताय का चोरून? डोस दोन युनिट करा." भात बंद होता. बिस्किट बंद होतं. बाटलीबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आम्ही डोस दुप्पट केला आणि नुसतं पाणी दुप्पट टोचलं.

पाचव्या दिवशी त्याने चार वेळा उलटी केली आणि कोपऱ्यात पडून राहिला. मी तोंड जवळ नेलं तर श्वासाला ॲसिटोनचा वास येत होता. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. तो वास मला प्रयोगशाळेतला माहीत होता. मांजराच्या तोंडाला तो येतो तेव्हा काय असतं, हे नव्हतं माहीत.

झाकणाच्या क्रेटमध्ये त्याला घालून मी बोईसरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, कारण तिथे सलाईन लावून ठेवतात. आई बाजारातून तशीच निघून परस्पर तिकडे आली. बाकावर आमच्या शेजारी एक माणूस मोठा पांढरा कुत्रा घेऊन बसला होता. तो नाक धरून म्हणाला, "अरे यार, यहाँ मच्छी कौन लाया?"

आई उठली आणि दाराबाहेर पायरीवर जाऊन बसली.

तो कुत्रा त्याच वेळी फरशीवर मुतत होता. मी त्या माणसाला म्हणाले, "कोई मच्छी नहीं लाया. वो मेरी माँ है." तो मोबाइलमध्ये बघत राहिला.

आतल्या डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "डायबेटिक किटोॲसिडोसिस." मग समजावून सांगितलं. इन्सुलिन मिळालं नाही की शरीराला साखर वापरता येत नाही, मग ते चरबी जाळत सुटतं. त्यातून किटोन नावाची आम्लं तयार होतात आणि रक्त आंबट होत जातं. वास त्याचाच. त्या म्हणाल्या, "वाचायची शक्यता पन्नास टक्के. जास्त सांगत नाही."

त्यांनी बाटली मागितली आणि दिव्यासमोर धरली. आत बारीक पांढरे तंतू फिरत होते.

"ही गोठली होती का?"

आई म्हणाली, "बर्फात ठेवली होती, मॅडम. लाईट नव्हती."

"बर्फात? अहो, काही विचार करता की नाही? गोठलं की इन्सुलिन मरतं! पाच दिवस पाणी टोचताय तुम्ही त्याला!"

"चुकलं, मॅडम," आई म्हणाली.

मी तिच्या बाजूला उभी होते. कॉलेजची बॅग माझ्या खांद्यावर होती.

चार दिवस ढोम्या तिथे होता. भेटायची वेळ सकाळी अकरा ते बारा. पुढच्या पायाला सलाईन, दर काही तासांनी लगेच काम करणारं इन्सुलिन, सलाईनमधून पोटॅशियम. दुसऱ्या दिवशीही तो खाईना, म्हणून नाकातून नेझोगॅस्ट्रिक ट्यूब घातली, म्हणजे पोटात अन्न सोडायची बारीक नळी. आई पिंजऱ्यासमोर उकिडवी बसून त्याला बाजारभाव सांगायची. "आज सरंगा महाग हाय. तू उठलास तरी तुला परवडायचा नाय."

मी बाकावर बसून रागावत होते. बिस्किटावर हसलेल्या डॉक्टरांवर, आडनाव विचारणाऱ्यावर, कुत्रेवाल्यावर, वीजवाल्यांवर. तिसऱ्या दिवशी माझी यादी संपली आणि मी उरले. बर्फात मीठ मिसळलं की तापमान शून्याच्या खाली जातं. यावर मी परीक्षेत उत्तर लिहिलं आहे. उदाहरण म्हणून आइस्क्रीमचं भांडं लिहिलं, कारण पुस्तकात ते होतं. आमच्या घरातली मासळीची पेटी, जिच्यात मी लहानपणापासून मूठमूठ मीठ टाकत आले, ती मला उदाहरण वाटलीच नव्हती. इन्सुलिन हे प्रथिन आहे आणि गोठलं की प्रथिन बिघडू शकतं, हेही मी शिकले होते. आईने तर विचारलं होतं. जिला माहीत असायला हवं होतं, तिलाच विचारलं होतं.

चौथ्या दिवशी तिथला मदतनीस हाताला पट्टी बांधून बाहेर आला. "दीदी, अब ठीक है आपका बिल्ला. मुझे काट लिया."

सोडताना मॅडम आईला सगळं समजावत होत्या. बंद बाटली फ्रिजच्या दारात ठेवायची, वरच्या बर्फाच्या खणात कधीच नाही. वापरात असलेली बाटली महिनाभर बाहेरही राहते, फक्त उन्हापासून लांब. वीज गेली तर रिकाम्या मडक्यात ठेवून मडक्याला ओलं फडकं गुंडाळायचं. मग म्हणाल्या, "आता तरी लक्षात ठेवा हं, मावशी."

मी म्हणाले, "मॅडम, आईने मला विचारलं होतं. औषध गोठलं होतं हे मला माहीत होतं. मीच चालेल म्हणाले."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "मग त्या दिवशी का नाही बोललात?"

मी ढोम्याचा क्रेट उचलला.

रिक्षात आई चिडली. "कशाला बोललीस गं? मी काय झिजले असते काय? बाजारात रोज ऐकते मी. तू शिकलेली. तुला बोललेलं मला नाय बघवत."

मला याचाच सगळ्यात जास्त राग आला. ऐकून घेणं ही आपल्या वाट्याची गोष्ट आहे, मासळी साफ करण्यासारखी, असं ती धरून चालली होती. आणि मी तिला तसं धरून चालू दिलं होतं. मी तिच्यावर ओरडले. क्रेटमधून ढोम्याही ओरडला. रिक्षावाला म्हणाला, "ताई, तिघं एकदम नका बोलू."

ढोम्या आता बरा आहे. भात-बिस्किट कायमचं बंद, बिनमिठाची उकडलेली मांदेली चालू. पुन्हा पंजांवर चालतो. डोस अर्ध्या युनिटवर आला आहे, कदाचित इन्सुलिन सुटेलही, असं मॅडम म्हणतात. काही मांजरांचं सुटतं. तुमच्या मांजराला शुगर निघाली तर घाबरू नका, पण शुगर अचानक वाढली तर डोस वाढवण्याआधी बाटलीवर संशय घ्या. आणि डॉक्टरांनी दोन शब्दांत सांगितलं तर तिसरा शब्द विचारा. मला तो जमला नाही, म्हणून सांगते.

एवढंच लिहून थांबणार होते. पण एक दिवस आई बोंबील वाळत घालताना शेजारच्या मंजूकाकीला हे सगळं सांगत होती. काकीचे हात थांबले. तिचा नवरा, पांडूकाका, बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आहे आणि बरीच वर्षं इन्सुलिन घेतो. "आमचे तर बोटीवर बर्फातच ठेवतात," काकी म्हणाली. "दुसरी गार जागा कुठं हाय तिथं?"

बोट लागली त्याच दिवशी काका बाटली पिशवीत घालून आले. "बाय, बघ गं. हे पण मेलंय काय?"

मी उजेडात धरली. बाटली स्वच्छ दिसत होती. मी म्हणाले, "काका, नुसतं बघून कळत नाही. स्वच्छ दिसलं तरी मेलेलं असू शकतं."

ते खाली बसले. त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम वर्षभर भरलेली नाही. "डॉक्टर दरवेळी डोस वाढवतो. म्हणतो, लपून गोड खातोस. मी बोटीवर कोरा चहा पितो, खलाशी हसतात मला. आता तर मंजूला पण वाटतं की मी खातो."

दुसऱ्या दिवशी आई त्यांच्याबरोबर पालघरला त्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. मीही गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि मान वर न करता म्हणाले, "काका, परत सुरू झालं का गोड?"

मी तोंड उघडलं, पण आई पुढे झाली होती. तिने बाटली टेबलावर, रिपोर्टवरच ठेवली.

"त्यांनी गोड खाल्लं नाय," आई म्हणाली. "तुमी आदी विचारा, हे कुठं ठेवतात ते."

बाहेर रांग होती. नर्स दारात उभी राहून घाई करत होती. आई हलली नाही. डॉक्टरांनी बाटलीकडे बघितलं, मग काकांकडे. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं.