आधी झाड, मग मचाण

वेस कांगासकडे मचाण घ्यायला जाणं म्हणजे मुलगी मागायला जाण्यासारखं होतं. खिशात पैसे असून भागायचं नाही. तो आधी तुमची चौकशी करणार. दुकान खरं म्हणजे त्याच्या बायकोचं, हेलनचं, खिळे, रंग आणि पाइपांचं. मागच्या कोपऱ्यातलं शिकारीचं सामान तेवढं वेसकडे. पण नोव्हेंबर लागला आणि हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की हेलन स्वतःच्याच दुकानात पाहुणी व्हायची.

"झाड कुठलं?" हा वेसचा पहिला प्रश्न.

"झाडाचं काय घेऊन बसलास, मचाण दाखव," गिऱ्हाईक म्हणायचं.

वेस हातातलं काम चालू ठेवायचा आणि पुन्हा विचारायचा, "झाड कुठलं?"

सरळसोट, बिनफांद्यांचा मेपल असेल तर तो दोन तुकड्यांचं मचाण काढायचा. वरच्या तुकड्यावर बसायचं, खालच्यात पाय अडकवायचे, आणि बसत-उठत सुरवंटासारखं बुंध्यावरून वर सरकायचं. फांद्या खालपासूनच फुटलेल्या असतील तर ते कामाचं नाही. मग पायऱ्या बांधून वर टांगायचं मचाण. त्यानंतर वजन. "खरं सांग, बायकोला सांगतोस ते नको." मग बर्फातून पाठीवर घेऊन किती चालायचं तो हिशेब. एवढं जमलं की तो प्रत्येक बकलाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून द्यायचा, कारण थंडीत लोखंडावर लोखंड वाजलं की अर्ध्या मैलावरचं हरीण शेपूट वर करून पसार होतं.

आणि शेवटी खांब. वेसने तीस वर्षं वीज कंपनीत खांबांवर चढण्यात घालवली होती. दुकानामागे त्याने तसाच सीडरच्या लाकडाचा एक खांब पुरला होता. सुरक्षेचा अंगपट्टा घालून मचाणाने त्यावर पंधरा फूट चढायचं, दहा मिनिटं बसायचं, उतरायचं, मगच पावती. चढण्याआधी ठरलेलं प्रवचन असायचं: मचाणाचे दोन्ही तुकडे एकमेकांना दोरीने बांध. नाहीतर खालचा निसटला की तू वर, तो खाली, आणि बायको पोलिसांत. गावात त्याची यथेच्छ टवाळी व्हायची, पण अकरा वर्षांत त्याचं एकही गिऱ्हाईक झाडावरून पडलं नव्हतं आणि टवाळी करणारेही मचाण त्याच्याकडूनच घ्यायचे.

त्या वर्षी शिकारीला दोन आठवडे उरले असताना त्याचा थोरला भाऊ रुडी दुकानात आला. रुडी पंच्याहत्तरचा, वेस त्रेसष्टचा. बाप खाणीत छातीची वाट लावून घेऊन लवकर गेला, तेव्हा वेस पाच वर्षांचा होता आणि रुडीने शाळा सोडली. वेसच्या बुटांपासून लग्नापर्यंत सगळं रुडीने पाहिलं. कधी बोलून दाखवलं नाही, आणि गोड बोललाही नाही.

रुडीची अडचण खरी होती. टेकडीवरच्या मेपलवर त्याने चाळीस वर्षांपूर्वी फळ्या ठोकून मचाण केलं होतं. जंगल आता नव्या लाकूड कंपनीचं झालं आणि तिने फर्मान काढलं, झाडाला खिळा लावायचा नाही. जे आणाल ते परत न्यायचं. फळ्या उतरल्या.

"जमिनीवर बसायचा तंबू आहे," वेस सांभाळून म्हणाला. "आत खुर्ची मावते, शेगडीसुद्धा."

"जमिनीत घालायला मी बटाटा आहे का?"

"तुझा गुडघा..."

"गुडघा माझा आहे. झाड तुला ठाऊक आहे, वजन सांगतो. काढ ते सरकणारं."

नियम म्हणजे नियम. रुडी खांबाकडे गेला. जरा लांब, कुंपणाला टेकून हेलन आणि क्लिफर्ड नावाचं एक गिऱ्हाईक मजा बघत उभे राहिले. वेसने प्रवचनाला तोंड उघडलं तसा रुडी म्हणाला, "पोरा, तुला बुटाची नाडी बांधायला मी शिकवलंय," आणि दोरी न बांधताच चढायला लागला. वेसने त्याला अडवायला हवं होतं. इतर कुणाला त्याने कॉलर धरून खाली ओढलं असतं. पण अठ्ठावन्न वर्षं ज्याचं ऐकलं, त्याच्यासमोर जीभ उचलेना.

रुडी चढला मात्र झकास. पंधरा फुटांवर दहा मिनिटं राजासारखा बसला. उतरायला लागला आणि पहिल्याच सरकण्यात खालचा तुकडा निसटून खणकन जमिनीवर आला. रुडी वरच्या तुकड्यावर बसलेला, पाय हवेत.

क्लिफर्ड हसला. वेसने लोखंडी काट्यांचे जुने बूट चढवले, कंबरेचा पट्टा खांबाला टाकला, तो तुकडा दोरीने पाठीशी घेतला आणि चढला. बारा वर्षांनी चढत होता, श्वास फुलला. रुडीच्या पायांखाली त्याने तुकडा पुन्हा खांबाला अडकवला, आधी दोरी बांधली, मग रुडीचा उजवा बूट धरून पट्ट्यात सारला आणि करकचून आवळला.

रुडी सरळ समोर बघत होता. हळूच म्हणाला, "घातलास का पाय?"

वेसचा हात अजून त्या बुटावरच होता. त्याने बूट दाबला. पुन्हा दाबला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"उन्हाळ्यापासून. साखर. घोट्याखाली काही कळत नाही." रुडी अजून समोरच बघत होता. "बोलू नकोस कुठे."

खांबावर रडायची सोय नसते, म्हणून तो डावा बूट आवळायला लागला.

दोघं खाली आले. क्लिफर्ड म्हणाला, "काय रुडी, तोल गेला का?"

"त्याची चूक नाही," वेस म्हणाला. "दोरी मी बांधायची होती. विसरलो."

हेलनने चमकून त्याच्याकडे बघितलं. रुडी गाडीत बसून निघून गेला.

गावाला असली बातमी पुरते. दोरीचं प्रवचन देणारा वेस स्वतःच दोरी विसरला, तेही सख्ख्या भावाची. लोक आता मचाण घेताना बकलं दोनदा ओढून बघायला लागले. दोघा गिऱ्हाइकांनी आधी सांगून ठेवलेली मचाणं नको म्हणून कळवलं आणि शहरातल्या मोठ्या दुकानातून आणली. एकाने तर वेसलाच विचारलं, "तुझं वय किती रे आता?" वेस ट्यूब गुंडाळत राहिला. त्याला जिव्हारी लागलं ते हे नव्हतंच. रुडीला मचाण विकलं तर भाऊ पडणार आणि नाही विकलं तर तो मोठ्या दुकानातून आणणार, तिथे झाड कुठलं म्हणूनही कुणी विचारणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं. तीन वेळा त्याने फोन केला. रुडीने उचलला नाही.

चौदा नोव्हेंबरला, शिकारीच्या आदल्या दिवशी, दुकान तुडुंब भरलेलं. कुणाला काडतुसं हवीत, कुणाला हातमोजे. क्लिफर्ड गल्ल्याजवळ उभा राहून वेसचाच किस्सा कुणाला तरी मीठमसाला लावून सांगत होता. रुडी दारातून आत आला आणि क्लिफर्डच्या मागे जाऊन उभा राहिला.

"सगळा सांगून झाला का?" रुडीने विचारलं. "मग उरलेला मी सांगतो. दोरी मी बांधली नाही. तो बांध म्हणत होता. पाय निसटला कारण माझे पाय गेलेत. साखरेनं. हा माझ्यासाठी खोटं बोलला. खोटं बोलायला मी त्याला शिकवलं नव्हतं, तेवढं त्याचं तो शिकला."

इथल्या माणसांना असं काही ऐकलं की बुटांकडे बघायची सवय आहे. सगळ्यांनी आपापले बूट पाहिले.

"ते मचाण काढ," रुडी वेसला म्हणाला. "सरकणारं."

"रुडी, मी तुला ते..."

"मी कुठे चढतोय? चढणार तू. झाड रिकामं ठेवू का? मी खाली बसेन, बादलीवर." मग हेलनकडे वळून म्हणाला, "तो तंबू मात्र नको. बटाटा व्हायची अजून घाई नाही."

त्या मेपलवर वेस आयुष्यात एकदाही बसला नव्हता. ती रुडीची जागा. वेसची जागा खाली ओढ्याकाठी. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो वीस फुटांवर बसला तेव्हा त्याला पहिल्यांदा दिसलं की इथून ओढासुद्धा दिसतो, आणि ओढ्याकाठची आपली जागाही. चाळीस वर्षं रुडी इथून आपली पाठराखण करत होता हे त्याला इथे बसून कळलं. रुडी खाली बुंध्याला टेकून उलट्या बादलीवर बसला होता, नारिंगी कोटात, गुडघ्यांवर बंदूक. वेसची बंदूक वर ओढायची दोरी दोघांच्या मध्ये लोंबत होती. हरीण दिसलं तर वेसने ती एकदा हलवायची असं ठरलं होतं.

हरीण काही आलं नाही. दहाच्या सुमाराला दोरी हलली, पण खालून.

वेसने वाकून बघितलं. रुडी मान वर न करता हाताने खूण करत होता, ओढ. वेसने दोरी ओढली. टोकाला वर्तमानपत्रात गुंडाळलेली अर्धी पास्टी बांधलेली होती, मांस-बटाट्याची ती मोठी करंजी, कोटाच्या आत ठेवल्यामुळे अजून कोमट. त्याने कागद उघडला. सारणातले सलगमाचे तुकडे एकूण एक वेचून काढलेले होते. एवढ्या थंडीत हातमोजे काढून, बोटांनी. पाच वर्षांचा वेस सलगम बघितला की रडायचा.

वेसला गेली तीस वर्षं सलगम आवडतो. हे त्याने रुडीला कधी सांगितलं नव्हतं. त्याने पास्टी खाल्ली, दोरी पुन्हा खाली सोडली आणि त्या दिवशीही सांगितलं नाही.